कर्नल बदलला की वायफाय नाहीसे होणे: कारण, तपास आणि समस्या पुन्हा उद्भवू न देणारा उपाय

डेबियन किंवा तिच्यावर आधारलेल्या लिनक्स प्रणालीवर कित्येक आठवडे व्यवस्थित चाललेले वायफाय एखाद्या सकाळी लॅपटॉप सुरू करताच दिसेनासे होते. जोडणी तुटलेली नसते, संकेतशब्दही चुकलेला नसतो. नेटवर्कच्या यादीत वायफाय हा पर्यायच उरलेला नसतो. कोणीतरी एखादी कमांड सुचवते, ती चालवली की वायफाय परत येते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी तोच प्रकार पुन्हा घडतो. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून ही तक्रार मुंबईत मला अधिक वेळा ऐकू येऊ लागली आहे. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण अजून उत्तम चालणारे लॅपटॉप घरोघरी, लहान संस्थांच्या कार्यालयांत आणि गिरगाव-परळ भागातल्या अभ्यासिकांत लिनक्सवर नेले जात आहेत, आणि त्यांतल्या अनेक यंत्रांत असे वायफाय कार्ड आहे ज्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कर्नलसोबत (लिनक्सच्या गाभ्यासोबत) येत नाही.

या लेखात उदाहरण म्हणून ब्रॉडकॉम बीसीएम४३१४२ ही चिप घेतली आहे, कारण सुमारे दहा वर्षांपूर्वीच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये ती सर्रास आढळते. मात्र येथे सांगितलेले मूळ कारण कर्नलबाहेरून बसवलेल्या कोणत्याही ड्रायव्हरला लागू आहे. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा जशाच्या तशा ठेवून टंकाव्यात.

बिघाड नेमका कशात आहे

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या स्रोतातच, म्हणजे मूळ कोडमध्येच, असतात. कर्नल संकलित होतो, म्हणजे स्रोतापासून यंत्राला चालवता येईल अशा रूपात येतो, तेव्हा तेही त्याच्याबरोबर संकलित होतात, त्यामुळे कर्नल बदलला तरी वापरणाऱ्याला काही करावे लागत नाही. इंटेलच्या कार्डांचा आयडब्ल्यूएलवायफाय आणि ॲथेरॉसच्या जुन्या कार्डांचा एटीएच९के हे ड्रायव्हर या प्रकारचे आहेत. बीसीएम४३१४२ चा डब्ल्यूएल हा ड्रायव्हर मात्र वेगळा आहे. त्याचा काही भाग बंदिस्त स्वरूपात, म्हणजे आधीच संकलित केलेला मिळतो. कर्नलला जोडणारा पातळ थर तेवढा स्रोतरूपात असतो आणि तो प्रत्येक यंत्रावर, त्या यंत्रातल्या कर्नलसाठी संकलित करावा लागतो.

कर्नलचा ड्रायव्हरांशी असलेला अंतर्गत व्यवहार आवृत्तीगणिक बदलू शकतो. तो स्थिर ठेवण्याचे बंधन कर्नलच्या विकसकांनी जाणीवपूर्वक स्वीकारलेले नाही. म्हणून एका कर्नलसाठी संकलित केलेले मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचे कर्नलमध्ये चढणारे रूप, एका अंगाला बेतून शिवलेल्या सदऱ्यासारखे असते: दुसऱ्या कर्नलला ते बसत नाही, आणि कर्नल ते नाकारतो. प्रत्येक कर्नलची मॉड्यूल्स म्हणूनच ‘लिब’ निर्देशिकेतील (फोल्डरमधील) ‘मॉड्यूल्स’मध्ये त्या त्या आवृत्तीच्या नावाच्या स्वतंत्र निर्देशिकेत ठेवली जातात. नवा कर्नल आला की नवी निर्देशिका तयार होते, आणि डब्ल्यूएल तेथे आपोआप पोहोचत नाही.

ते पोहोचवण्याचे काम डीकेएमएस करते. ही व्यवस्था डेल कंपनीने २००३ साली उभी केली. बाहेरच्या ड्रायव्हरचा स्रोत ती सांभाळून ठेवते आणि नवा कर्नल बसवला जात असतानाच त्याच्यासाठी मॉड्यूल नव्याने संकलित करते. पण हे काम करायला तिला त्याच कर्नलच्या हेडर फाइल्स, म्हणजे त्याच्या अंतर्गत रचनेचे वर्णन असलेल्या फाइल्स, लागतात. हेडर्स नसतील तर डीकेएमएस तसा एक संदेश देते आणि पुढे जाते. नवा कर्नल बसतो, अद्ययावतीकरण यशस्वी झाल्यासारखे दिसते, आणि वायफायचा ड्रायव्हर मात्र मागेच राहतो. वारंवार उद्भवणाऱ्या या समस्येचे मूळ माझ्या मते बहुतेक वेळा एवढेच असते.

कारण आणि परिणाम यांच्यात बराच काळ जात असल्याने हा संबंध सहसा लक्षात येत नाही. नवा कर्नल आज बसला तरी यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत जुनाच चालू राहतो. लॅपटॉप बंद न करता नुसते झाकण मिटवण्याची सवय अनेकांना असते. त्यामुळे अद्ययावतीकरण सोमवारी झाले आणि वायफाय पुढच्या आठवड्यातल्या एखाद्या दिवशी गेले, असे सहज घडते. काही यंत्रांवर अद्ययावतीकरण पार्श्वभूमीत, न विचारता होते, त्यामुळे डीकेएमएसचा तो संदेश कोणाच्याही नजरेस पडलेला नसतो. मग ‘मी तर काहीच बदलले नव्हते’ असे सांगणारा माणूस खरेच बोलत असतो. डेबियन १३ वर हा प्रसंग अधिक वेळा येऊ शकतो, कारण तिथे कर्नलच्या नावात पूर्ण आवृत्ती क्रमांक असतो, आणि एरवी किरकोळ वाटणाऱ्या सुरक्षा सुधारणेनेही निर्देशिकेचे नाव बदलते.

तपास

सर्वप्रथम चिप ओळखावी. लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेले मॉडेलचे नाव येथे उपयोगाचे नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डे बसवलेली असतात. टर्मिनलमध्ये ही कमांड द्यावी:

एलएसपीसीआय -एनएनके

उत्तरात ‘नेटवर्क कंट्रोलर’ हे शब्द असलेली ओळ शोधावी. तिच्या शेवटी चौकटी कंसात अपूर्णविरामाने जोडलेले दोन संकेतांक असतात: पहिला निर्मात्याचा आणि दुसरा चिपचा. बीसीएम४३१४२ साठी ते १४ई४ आणि ४३६५ असे असतात. त्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ आहे का, हे पाहावे. ती ओळ असेल आणि तिच्यापुढे डब्ल्यूएल असे लिहिलेले असेल, तर ड्रायव्हर लागलेला आहे आणि दोष अन्यत्र आहे. त्याविषयी पुढे लिहिले आहे. ती ओळच नसेल किंवा तिच्यापुढे दुसरेच नाव असेल, तर दोष ड्रायव्हरच्या पातळीवर आहे. कार्ड यूएसबीचे असेल तर एलएसयूएसबी ही कमांड वापरावी. आणि या यादीत कार्डाचा उल्लेखच नसेल, तर ड्रायव्हरवर वेळ घालवू नये. कार्ड सैल झालेले असते, बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) बंद केलेले असते किंवा खरोखर निकामी झालेले असते.

यानंतरची चाचणी सर्वांत निर्णायक आहे. तिला इंटरनेट लागत नाही आणि तिच्यामुळे काहीही बिघडत नाही, म्हणून कोणतेही पॅकेज काढण्याच्या किंवा घालण्याच्या आधी ती करावी, असा माझा आग्रह असतो. यंत्र पुन्हा सुरू करताना ग्रबच्या, म्हणजे कोणती प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या, यादीत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ हा पर्याय निवडावा आणि त्यातून आधीचा कर्नल निवडून प्रणाली सुरू करावी. ग्रबची यादी दिसत नसेल, तर यंत्र सुरू होताना एस्केप कळ एकदा दाबावी किंवा शिफ्ट कळ दाबून धरावी. जुन्या कर्नलवर वायफाय चालले, तर कार्ड, अँटेना, राउटर आणि संकेतशब्द हे सगळे एका फटक्यात संशयाबाहेर जातात आणि उरते ते केवळ नव्या कर्नलसाठी न झालेले संकलन. कार्ड बिघडले असे समजून ते बदलायला लॅमिंग्टन रोड गाठण्यापूर्वी ही चाचणी झालेली असली पाहिजे.

जुन्या कर्नलवर वायफाय मिळाल्याचा आणखी एक मोठा फायदा असा की दुरुस्तीसाठी लागणारे इंटरनेट त्याच यंत्रावर उपलब्ध होते. जुना कर्नल काढून टाकलेला असेल, तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्सला त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागत नाही. केबलने जोडलेले नेटवर्क असल्याप्रमाणे ते काही क्षणांत दिसू लागते. फोन स्वतः घरच्या वायफायला जोडलेला असेल, तर बहुतेक फोन तीच जोडणी लॅपटॉपला पुरवतात, त्यामुळे मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

आता ड्रायव्हरची स्थिती पाहावी:

डीकेएमएस स्टेटस

या उत्तरात ब्रॉडकॉम-एसटीए या नावापुढे कोणकोणत्या कर्नलसाठी मॉड्यूल बसवलेले आहे, हे दिसते. सध्या चालू असलेल्या कर्नलचे नाव ‘यूनेम -आर’ या कमांडने मिळते. नव्या कर्नलचे नाव पहिल्या यादीत नसेल, तर निदान पक्के झाले. अद्ययावतीकरण कधी झाले हे जाणून घ्यायचे असेल, तर ‘व्हार’ निर्देशिकेतील ‘लॉग’मध्ये, एपीटीच्या (पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाच्या) निर्देशिकेत असलेली हिस्टरी.लॉग ही फाइल उघडावी. प्रत्येक पॅकेज कोणत्या दिवशी आणि किती वाजता बसले, याची नोंद तिथे असते.

तात्पुरता उपाय आणि खरा उपाय

मदत मागणाऱ्याला सर्वाधिक वेळा सुचवली जाणारी कमांड ही असते:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(यूनेम -आर)

कमांड चुकीची नाही. कंसातल्या भागाच्या जागी चालू कर्नलचे नाव आपोआप येते, त्या कर्नलची हेडर्स बसतात, डीकेएमएस मॉड्यूल संकलित करते आणि वायफाय परत येते. दोष एवढाच, की ही हेडर्स त्या एकाच कर्नलची असतात. पुढचा कर्नल येईल तेव्हा त्याच्या हेडर्सची मागणी प्रणालीकडे कोणीच नोंदवलेली नसते. म्हणजे ज्या कमांडने आज वायफाय परत आणले, तीच ते पुढच्या वेळी जाण्याची तरतूद करून ठेवते. एकच माणूस दर काही महिन्यांनी तीच मदत पुन्हा मागतो याचे कारण हे आहे, आणि म्हणून ही कमांड पूर्ण उपाय म्हणून सुचवणे थांबवावे, असे मला मनापासून वाटते.

डेबियनवर त्याऐवजी आवृत्ती क्रमांक नसलेले मेटा-पॅकेज बसवावे:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४

या पॅकेजमध्ये स्वतःच्या अशा फाइल्स नसतात; सर्वांत नव्या कर्नलच्या हेडर्सवर अवलंबून राहणे एवढेच त्याचे काम असते. त्यामुळे कर्नलचे मेटा-पॅकेज, म्हणजे लिनक्स-इमेज-एएमडी६४, नव्या आवृत्तीकडे सरकते तेव्हा हेही सरकते आणि हेडर्स कर्नलसोबतच येतात. नावातील एएमडी६४ पाहून इंटेलच्या प्रोसेसरवाल्यांनी बिचकू नये. ६४ बिटांच्या इंटेल आणि एएमडी या दोन्ही प्रोसेसरांसाठी हेच पॅकेज आहे. डेबियनमध्ये ही दोन मेटा-पॅकेजेस स्वतंत्र आहेत. कर्नलचे पॅकेज बसवले म्हणजे हेडर्सचेही बसले असे होत नाही, आणि सगळी गफलत येथेच होते. उबुंटूमध्ये आणि तिच्यावर आधारलेल्या लिनक्स मिंटमध्ये लिनक्स-जेनेरिक हे पॅकेज कर्नल आणि हेडर्स दोन्ही आणते, म्हणून तिथे हा विशिष्ट दोष कमी आढळतो. डेबियनवर आधारलेल्या मिंटला, म्हणजे एलएमडीईला, मात्र डेबियनचाच नियम लागू होतो.

येथे एक बारकावा लक्षात ठेवावा. मेटा-पॅकेज रिपॉझिटरीतील, म्हणजे डेबियनच्या पॅकेज-साठ्यातील, सर्वांत नव्या कर्नलची हेडर्स आणते. यंत्रावर त्याहून जुना कर्नल असेल तर दोहोंचा मेळ बसणार नाही. म्हणून आधी ‘सुडो एपीटी फुल-अपग्रेड’ चालवून कर्नलही ताजा करावा आणि मगच यंत्र पुन्हा सुरू करावे. ज्यांनी बॅकपोर्ट्समधून, म्हणजे नव्या आवृत्त्या पुरवणाऱ्या डेबियनच्या वेगळ्या विभागातून, नवा कर्नल घेतला आहे, त्यांनी हेडर्सही बॅकपोर्ट्समधूनच घ्यायला हवीत. जुन्या कर्नलवर बसून हे काम करत असल्यास काळजीचे कारण नाही: हेडर्सचे पॅकेज बसताच डीकेएमएस त्या हेडर्सच्या कर्नलसाठी संकलन करते, मग त्या क्षणी चालू असलेला कर्नल कोणताही असो.

ड्रायव्हरच बसवलेला नसेल तर ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस हे पॅकेज बसवावे. ते सापडत नाही अशी तक्रार डेबियन १२ पासून वाढली आहे, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. बंदिस्त फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्राम) इन्स्टॉलरमध्येच द्यावे, असा निर्णय डेबियनच्या सदस्यांनी २०२२ साली मतदानाने घेतला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग आपोआप सुरू होऊ लागला. डब्ल्यूएल हे मात्र फर्मवेअर नसून कर्नलमध्ये चढणारा ड्रायव्हर आहे, आणि तो जुन्याच ‘नॉन-फ्री’ विभागात राहिला. नावे सारखी असल्याने दोन्ही एकच आहेत असा समज होतो. एपीटीच्या स्रोतांच्या यादीत ‘नॉन-फ्री’ हा शब्द स्वतंत्रपणे लिहिलेला आहे का, हे तपासावे, नसल्यास तो जोडावा आणि ‘सुडो एपीटी अपडेट’ पुन्हा चालवावे.

पॅकेज बसल्यावर यंत्र पुन्हा सुरू करावे. लगेचच पाहायचे असेल, तर आधी कार्डावर हक्क सांगणारी दुसरी मॉड्यूल्स काढून मग डब्ल्यूएल चढवावे:

सुडो मॉडप्रोब -आर बी४४ बी४३ बी४३लेगसी एसएसबी बीआरसीएमएसमॅक बीसीएमए
सुडो मॉडप्रोब डब्ल्यूएल

बीसीएमए हे कर्नलमधलेच मॉड्यूल कार्ड आधी पकडून बसते आणि मग डब्ल्यूएल चढले तरी त्याला कार्ड मिळत नाही, असा प्रकार होतो. पॅकेज या मॉड्यूल्सना आपोआप चढू न देणारी फाइल स्वतःच लिहून ठेवते. एखाद्या जुन्या सल्ल्यावरून हाताने लिहिलेल्या, डब्ल्यूएललाच अडवणाऱ्या ओळी मात्र ‘इटीसी’ निर्देशिकेतील मॉडप्रोब.डी मध्ये राहून गेलेल्या असतील, तर त्या काढाव्यात.

हेडर्स असूनही संकलन फसले तर

डीकेएमएस कधीकधी संकलन सुरू करते आणि त्रुटी येऊन थांबते. अशा वेळी ‘व्हार’ निर्देशिकेतील ‘लिब’मध्ये, डीकेएमएसच्या निर्देशिकेत, ड्रायव्हरचे नाव आणि आवृत्ती यांच्या खाली ‘बिल्ड’मध्ये मेक.लॉग ही फाइल तयार झालेली असते. तिच्यातली पहिली त्रुटी महत्त्वाची असते. नंतरच्या बहुतेक तिच्यातूनच निघालेल्या असतात. डब्ल्यूएलच्या बाबतीत याचे कारण बहुधा कर्नल ड्रायव्हरपेक्षा नवा असणे हे असते. ब्रॉडकॉमने या ड्रायव्हरची ६.३०.२२३.२७१ ही आवृत्ती २०१५ साली दिली आणि आजही वितरणे (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्स प्रणाली) तीच वापरतात. नव्या कर्नलवर ती चालावी यासाठी लागणारी ठिगळे डेबियन आणि उबुंटूचे देखभालकर्ते स्वतः जोडत आले आहेत. ही ठिगळे वितरणाच्या स्वतःच्या कर्नलसाठी तपासलेली असतात. त्यामुळे डब्ल्यूएलवर अवलंबून असलेल्या यंत्रावर वितरणाबाहेरचा कर्नल घालू नये. नव्या कर्नलपासून मिळणारा लाभ या वयाच्या लॅपटॉपला क्वचितच जाणवतो.

सिक्युअर बूट

मॉड्यूल संकलित झालेले आहे, डीकेएमएसच्या यादीत दिसते आहे, आणि तरीही ‘मॉडप्रोब डब्ल्यूएल’ दिल्यावर किल्ली नाकारल्याचा संदेश येतो, तेव्हा सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची स्वाक्षरी नसलेला कोड चढू न देणारी सुरक्षा, चालू असते. ‘मॉकयुटिल --एसबी-स्टेट’ या कमांडने त्याची खात्री होते. कर्नलसोबत येणाऱ्या मॉड्यूल्सवर वितरणाची स्वाक्षरी असते. आपल्या यंत्रावर संकलित झालेल्या मॉड्यूलवर डीकेएमएस स्थानिक किल्लीने स्वाक्षरी करते, आणि ती किल्ली यंत्राच्या फर्मवेअरला आपण ओळख करून द्यावी लागते. डेबियनवर त्यासाठीची कमांड अशी आहे:

सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/डीकेएमएस/मॉक.पब

ती एक तात्पुरता संकेतशब्द विचारते. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर निळ्या पडद्यावर ‘एन्रोल मॉक’ हा पर्याय येतो. तो निवडून तोच संकेतशब्द द्यावा. हा पडदा थोडाच वेळ थांबतो आणि कळफलक अमेरिकन मांडणीचा धरतो, म्हणून संकेतशब्द साध्या अक्षरांचा ठेवावा. पडदा निसटला तर किल्ली नोंदली जात नाही आणि कमांड पुन्हा द्यावी लागते. एकदा नोंदलेली किल्ली पुढच्या सर्व कर्नलांसाठी चालते. सिक्युअर बूट बायोसमधून बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याने वायफाय सुरू होते हे खरे, पण पाच मिनिटांच्या कामासाठी यंत्राचे एक संरक्षण कायमचे काढून टाकणे मला पटत नाही.

ड्रायव्हर लागलेला असूनही नेटवर्क दिसत नसेल तर

‘आरएफकिल लिस्ट’ या कमांडने रेडिओ बंद केलेला आहे का, ते दिसते. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’पुढे होकार असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या कडेचे बटण किंवा एफएनसोबतची कळ शोधावी लागते, कमांडने ते सुटत नाही. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’च्या उत्तरात कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ असे आले, तर ‘इटीसी’मधील नेटवर्क निर्देशिकेतल्या इंटरफेसेस या फाइलमध्ये त्या कार्डाच्या ओळी असतात, त्या काढल्या की जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर कार्डाचा ताबा घेतो. लॅपटॉपवर विंडोजही असेल आणि विंडोज वापरून झाल्यावरच लिनक्समध्ये कार्ड रुसत असेल, तर विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते विंडोजला पूर्ण बंद होऊ देत नाही.

इंटेलची कार्डे असणाऱ्यांना वेगळीच भीती वाटते. कर्नलच्या नोंदीत, म्हणजे ‘सुडो जर्नलसीटीएल -के -बी’च्या उत्तरात, फर्मवेअरची फाइल मिळाली नाही अशी ओळ दिसते आणि शेवटी उणे २ हा आकडा असतो. त्याचा अर्थ फाइल अस्तित्वात नाही एवढाच. आयडब्ल्यूएलवायफाय हा ड्रायव्हर त्याला चालणाऱ्या सर्वांत नव्या फर्मवेअरपासून शोध सुरू करतो आणि मिळेपर्यंत जुन्या आवृत्त्यांकडे उतरत जातो. खाली कुठेतरी फर्मवेअर चढल्याची ओळ असेल, तर वरच्या ओळींकडे दुर्लक्ष करावे. ती ओळ नसेलच, तर फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय हे पॅकेज बसवावे. डेबियन ११ वरून १२ वर आलेल्या यंत्रांत स्रोतांच्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हाताने जोडावे लागते. ते राहून गेले असेल तर फर्मवेअर जुन्याच आवृत्तीवर अडकून पडते.

वायफाय दिसते पण सारखे मंदावते किंवा तुटते, ही तक्रार येथे मांडलेल्या समस्येपेक्षा निराळी आहे. वीजबचत बंद करून पाहणे हा तिच्यावरचा पहिला उपाय: नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी निर्देशिकेतील फाइलमध्ये, ‘कनेक्शन’ या मथळ्याखाली वायफाय.पॉवरसेव्हचे मूल्य २ करावे. उबुंटूवर ते ३, म्हणजे चालू, असे दिलेले असते.

पुढच्या वेळेसाठीची खात्री

पुढच्या कर्नलची वाट न पाहताही उपाय खरोखर लागू झाला आहे का, हे तपासता येते. ‘डीपीकेजी -एल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’च्या उत्तरात ओळीच्या सुरुवातीला दोन आय असावेत, आणि ‘डीकेएमएस स्टेटस’च्या यादीत यंत्रावरच्या प्रत्येक कर्नलपुढे मॉड्यूल बसवल्याची नोंद असावी. एखादा कर्नल सुटलेला दिसला, तर ‘सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के’ यापुढे त्या कर्नलचे नाव द्यावे. अभ्यासिकेत किंवा कार्यालयात अनेक लॅपटॉप सांभाळणाऱ्यांनी कर्नल अद्ययावत झाल्यावर, यंत्र पुन्हा सुरू करण्याच्या आधीच ही यादी पाहावी. वायफाय चालू असताना दुरुस्ती करणे ते गेल्यानंतर करण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. चालू कर्नलच्या आधीचा एक तरी कर्नल यंत्रावर ठेवावा. जागा वाचवण्यासाठी जुने सगळे कर्नल पुसून टाकणाऱ्यांना ग्रबची ती निर्णायक चाचणी करता येत नाही.

यूएसबी ॲडॅप्टरांच्या रिअलटेक चिपसाठी बाहेरून ड्रायव्हर उतरवून बसवणाऱ्यांनी तो अजूनही लागतो का, हे आधी पाहावे. आरटीएल८८२१सीई ही लॅपटॉपमधली चिप कर्नल ५.९ पासून, तर आरटीएल८८२१सीयू आणि आरटीएल८८२२बीयू या यूएसबी चिप ६.२ पासून कर्नलमधल्याच आरटीडब्ल्यू८८ या ड्रायव्हरवर चालतात. जुना बाहेरचा ड्रायव्हर डीकेएमएसमधून काढून टाकला की अशा यंत्रांवर ही समस्या मुळातून जाते.

बीसीएम४३१४२ ला मात्र कर्नलमध्ये ड्रायव्हर नाही आणि तो येण्याची चिन्हेही नाहीत. ही चिप केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालते. मुंबईतल्या इमारतींत एकेका मजल्यावर इतके राउटर असतात की या पट्ट्यातल्या एकमेकांवर न चढणाऱ्या १, ६ आणि ११ या तिन्ही वाहिन्या भरून गेलेल्या असतात. ५ गिगाहर्ट्झवर चालणारे कार्ड त्याच खोलीत स्पष्टपणे चांगले चालते. त्यातच निर्मात्याकडून २०१५ नंतर सुधारणा न मिळालेला बंदिस्त ड्रायव्हर नेटवर्कच्या तोंडाशी बसवणे सुरक्षेच्या दृष्टीनेही बरे नाही. म्हणून लॅपटॉप आणखी काही वर्षे वापरायचा असेल, तर कार्ड बदलावे असेच मी सांगतो. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जुनी आणि नवी दोन्ही प्रकारची कार्डे मिळतात. दुकानात जाताना लॅपटॉपमधली खाच मिनी-पीसीआयई आहे की एम.२, हे उघडून पाहिलेले असावे. इंटेलचे एएक्स२०१ हे कार्ड इंटेलच्या ठरावीक नव्या प्रोसेसरांशिवाय चालत नाही, तर एएक्स२०० आणि एएक्स२१० ही सामान्य एम.२ कार्डे आहेत. नावे इतकी सारखी आहेत की दुकानदाराकडून अदलाबदल होऊ शकते. काही जुन्या लॅपटॉपांचा बायोस ठरावीक कार्डेच स्वीकारतो, म्हणून परत घेण्याची बोली आधी करावी.

बाहेरून लावायचा ॲडॅप्टर घेतानाही डब्यावरचे मॉडेल पाहून भागत नाही. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या ॲडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, जी कर्नलमधल्या ड्रायव्हरवर आणि मुक्त फर्मवेअरवर चालते. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची चिप आली. आवृत्ती डब्याच्या मागच्या बाजूला, अनुक्रमांकाजवळ बारीक अक्षरांत छापलेली असते.

एवढे करूनही कार्ड चालत नसेल, तर मदत मागताना यंत्राच्या मॉडेलऐवजी चार गोष्टी द्याव्यात: ‘एलएसपीसीआय -एनएनके’मधील कार्डाचा परिच्छेद, ‘यूनेम -आर’चे उत्तर, ‘डीकेएमएस स्टेटस’ची यादी, आणि संकलन फसले असल्यास मेक.लॉगमधील पहिल्या त्रुटीच्या आसपासच्या ओळी. कर्नलची नोंद जोडायची असेल, तर तिच्यातला कार्डाचा मॅक पत्ता आणि घरच्या नेटवर्कचे नाव आधी खोडून टाकावे.